शेपटीभर खोल चिंचोका

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. शाळा होती म्हणून विज्ञान प्रदर्शन होतं, आणि प्रदर्शन होतं म्हणून ज्वालामुखी होता. एके वर्षी सिंहाच्या छाव्याने ज्वालामुखी केला आणि पहिला नंबर पटकावला. तेव्हापासून सगळे ज्वालामुखीच करत. याला परंपरा म्हणतात.

त्या शाळेत टिपरी नावाची खारीची पोर शिकत होती. तिची आई दरवर्षी चिंचोके जमिनीत पुरायची आणि कुठे पुरले ते साफ विसरायची. त्यातले काही उगवायचे, काही नाही. असं का, हा प्रश्न टिपरीला पडला. म्हणून तिने शाळेमागे काही चिंचोके पंजाभर खोल पुरले, काही शेपटीभर खोल. पंजाभर खोलचे उगवले. शेपटीभर खोलचे मात्र वर येईनात. येतील की नाही, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

तिने बगळे सरांना गाठलं. ते विज्ञान शिकवत.

"सर, मी हाच प्रयोग मांडू का?"

"निष्कर्ष काय?" सरांनी एका पायावर उभं राहून विचारलं.

"अजून कळला नाही, सर."

"मग कशाला मांडतेस? आधी निष्कर्ष लिहावा, मग त्याला शोभेलसा प्रयोग करावा. नियोजन म्हणतात त्याला. वडिलांना पाठवून दे."

वडील शेपटेराव आले ते वारुळाची माती घेऊनच. घरी काकाने डोंगर रचला, मामाने रंगवला. लाव्ह्यासाठी पळसाच्या फुलांचं लाल पाणी केलं. टिपरी जवळ आली की शेपटेराव म्हणत, "लांब हो, बिघडवशील. तू भाषण पाठ कर."

"पण बाबा, माझे चिंचोके?"

"चिंचोक्याला कुणी नंबर देतं का, बाळ?"

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. ज्वालामुखींची रांग लागली. परीक्षक होत्या घुबडबाई. त्यांना दिवसा दिसत नसे, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रमुख पाहुणे होते हत्तीसाहेब.

पाहुण्यांचं स्वागत रोपटं देऊन करायची तिथे पद्धत होती. पण रोपटं आणायचं सगळेच विसरले. बगळे सर धावत शाळेमागे गेले आणि टिपरीची सगळी रोपटी उपटून, त्यांची जुडी बांधून घेऊन आले. हत्तीसाहेबांनी ती सोंडेत घेतली, निसर्गरक्षणावर चार शब्द बोलले आणि जुडी खाऊन टाकली. टाळ्या झाल्या.

टिपरीला रडू आलं. पण पाठ केलेलं भाषण म्हणायचं होतं, म्हणून तिने रडू गिळलं.

घुबडबाई तिच्या ज्वालामुखीपाशी आल्या. लाल पाणी भसाभस बाहेर आलं.

"लाव्हा वर का येतो, सांग बरं."

भाषणात हे नव्हतं. टिपरी खरं बोलली. "आत बाबा बसलेत. ते फुंकतात."

डोंगरातून एक शिंक ऐकू आली. बगळे सर पांढऱ्याचे आणखी पांढरे झाले.

"वा," घुबडबाई म्हणाल्या, "उष्णता, दाब आणि पालकांचा सहभाग. तिन्ही उत्तम."

पहिला नंबर टिपरीचा आला. करंडक घ्यायला मातीने माखलेले शेपटेराव व्यासपीठावर गेले आणि सद्गदित होऊन म्हणाले, "लहानपणापासून हिला विज्ञानाची फार आवड."

काही दिवसांनी टिपरी सहज शाळेमागे गेली. उकरलेल्या मातीत एक कोंब वर आला होता. शेपटीभर खोलचा. सरांना तो दिसला नव्हता, म्हणून वाचला होता. टिपरीला इतका आनंद झाला की ती धापा टाकत वर्गात पोचली.

"सर, उगवला. खोलवरचाही उगवतो, फक्त उशिरा उगवतो."

बगळे सर पुढच्या वर्षीच्या ज्वालामुखींचे निष्कर्ष लिहीत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"प्रदर्शन झालं ना, बाळ? आता उगवून काय उपयोग?"

तात्पर्य: प्रश्न पडला तर घाबरू नये. वडिलांना सांगावं, ते ज्वालामुखी करून देतात. आणि ज्याला उगवायचंच आहे, त्याने पाहुणे जाईपर्यंत डोकं वर काढू नये.