गेनूतात्या फोन निवडायला बसत्यात

आमच्या शेजारच्या गेनूतात्यांच्या हातात कुणी फोन दिला, की ते आधी गोणपाट अंथरत्यात. फोन बघायला गोणपाट कशाला, असं तुमाला वाटंल, मलाबी वाटलं व्हतं. पण तात्या ओट्यावर गोणपाट अंथरणार, त्याच्यावर मांडी घालणार, दोरी बांधलेला चष्मा कानाला अडकवणार, तळहात धोतराला पुसणार, अन मग म्हणणार, "हं. ओत."

तात्यांचा समदा जन्म कांद्याच्या बराखीत गेलाय. बराख म्हणजे आमच्याकडं कांदा साठवून ठेवायची लांबलचक जाळीची खोली. उन्हाळ्यात कांदा भरायचा अन पावसाळाभर त्यातला सडका काढीत बसायचं. गोणी ओतायची, मोठा तो गोळा, बारका ती गोल्टी, अन डाग पडलेला तो बदला. तीन ढीग. तात्यांकडं बराख अजून हाय, पण लोकांचे फोन भरायला लागल्यापास्नं ते फोनबी तसंच निवडत्यात. फोटोचेबी तीनच ढीग. गावात कुणाचा फोन अडला की म्हणत्यात, जा, तात्यापुढं ओत.

पण घाई असंल तर जाऊ नका. मला घाई व्हती अन मी गेले, म्हणून सांगते.

माझी चिऊ तवा वर्साची झाली व्हती. रडायला लागली की कधीकधी तिचा आवाजच बंद व्हायचा. तोंड उघडं, रडणं चालू, पण आवाज न्हाई, श्वास न्हाई. ओठ निळे पडायचे, डोळे वर जायचे अन अंग एकदम ढिलं पडायचं, हातपाय जरा झटकायची. मग परत यायची. तेवढ्या वेळात मी मरून जायची. सासूबाई म्हणत्यात दृष्ट लागलीय, मीठ-मिरच्या ओवाळ. मी ओवाळल्या. अन ओतूरला डॉक्टरकडंबी गेले. डॉक्टर म्हणले, "मी बघितल्याशिवाय हे झटके आहेत का दुसरं काही, ते सांगता येणार नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ काढून आणा. नाहीतर पुण्याला पाठवावं लागेल, डोक्याची तपासणी करायला."

डोक्याची तपासणी म्हणल्यावर मी म्हणले, व्हिडिओच आणते. माझी शाळा आठवीत सुटली, मला काय कळतंय, पण व्हिडिओ काढता येतो मला. पुढच्या येळी चिऊचा श्वास अडकला तवा मी एका हातानं तिला धरली अन दुसऱ्या हातानं फोन उचलला, तर फोनवर लिहून आलं, जागा शिल्लक नाही.

जागा शिल्लक नाही. माझी पोरगी हातात निळी पडलीय अन फोन म्हणतोय जागा न्हाई.

आमचे हे पिकअपवर असत्यात, टोमॅटो घेऊन कधी कुठं तर कधी कुठं. त्यांना फोन केला तर म्हणले, "तू काय दाबू नको बरं, भलतंच पुसलं जाईल." तेबी खरं व्हतं. माझ्या जावेनं एकदा जागा करायला म्हणून बोट लावलं अन तिच्या डोहाळजेवणाचे समदे फोटो गेले. माझ्या फोनात चिऊ जन्मल्यापास्नंची व्हती, पहिल्यांदा पालथी पडली, रांगली, समदं. सासूबाईंचा फोन बटणाचा. मग मी चिऊला कडंवर घेतलं अन तात्यांच्या ओट्यावर गेले.

"तात्या, मला लगेच जागा पायजे."

"हं. ओत," तात्या म्हणले.

मी समदं सांगितलं, श्वासाचं, डॉक्टरचं. त्यांनी ऐकलं. मग चष्मा पुसला. मग परत पुसला. मी म्हणले तात्या लवकर. तर म्हणले, "घाईनं निवडलेली बराख सडती, सुनबाई. निवडल्याबिगर फेकायचं नाय."

अन बसले की वो निवडायला.

आधी बिबटे निघाले. आमच्याकडं बिबट्या रोजचाच, पण फोनात त्याच्यापेक्षा जास्त. तात्या एकेक उघडून बघायला लागले. एकच बिबट्या, ओतूरच्या उसात दिसला म्हणून एकानं धाडलेला, लेण्याद्रीच्या पायथ्याला म्हणून दुसऱ्यानं, अन माझ्या भावानं घोडेगावहून धाडलेला, त्योबी त्योच. तात्या म्हणले, "ह्यो बिबट्या तालुक्यात फिरला नसंल तेवढा तुझ्या फोनात फिरलाय. बदला."

"मग काढा ना समदे."

"एक ठिवतो. खरा आला तर वळखायला."

मग श्रद्धांजलीचे फोटो. कोण कुठले म्हातारे, मी वळखतबी न्हाई, ग्रुपवर आलेले. तात्या प्रत्येकापुढं चष्मा काढून हात जोडणार. "कुठले म्हणायचे ह्ये पाव्हणे?" मी म्हणायचं, ठाऊक न्हाई. "पाव्हण्यांचा दहावा झाला असंल ना पर?" मी म्हणायचं, झाला, झाला. मग काढणार. इकडं चिऊ ओट्याच्या कडंला जायची, मी तिला वढून आणायची, माझं समदं ध्यान तिच्या ओठांकडं, ही आता रडली तर काय करू.

पण खरा घोळ पुढंच व्हता. सकाळचे देव. रोज सकाळी कुणीतरी फुलं अन देव धाडतंय, सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. तात्यांनी गणपती उघडला अन तसेच बसून राह्यले.

"काढा की, तात्या."

"लेण्याद्रीचा गिरिजात्मज हाय ह्यो. कचऱ्यात घालू?"

"मग काय करायचं?"

तात्यांनी फोन कपाळाला लावला. डोळे मिटले. म्हणले, "पुढच्या वर्षी लवकर या." मग बोट लावून गणपती काढला. मग दुसरा गणपती. "पुढच्या वर्षी लवकर या." तिसरा. मी कपाळावर हात मारला. मंगळवार किती असत्यात वर्सात, तुमीच सांगा. समोरून दूधवाला चालला व्हता, त्यो म्हणला, "तात्या, ढोलताशा सांगू का?" तात्या त्याला म्हणले, "तुझा फोन भरंल तवा तूबी इथंच येणारैस."

अन आणिक एक खोड. एखादा व्हिडिओ नुसता काळा असतो बघा, खिशात चुकून चालू झालेला, नायतर बोट पुढं आलेला. मी तर बघताच म्हणणार बदला. पण तात्या तो कानाला लावायचे. फोन कानाला लावून, डोळे बारीक करून, शेवटपतूर ऐकायचे, जसं काय कुणी पलीकडून बोलतंय. मग म्हणायचे, "नाय, यात कोण नाय." अन मग काढायचे.

"अंधारात कोण असणार, तात्या?"

"बदल्यातबी एखादा गोळा निघतो," म्हणायचे, बस.

त्यांचा स्वतःचा फोन मातर ते कुणाला दावत नसत. बंडीच्या आतल्या खिशात. त्योबी कायम भरलेला, ग्रुपवर तात्यांना काय धाडलं तर उघडायचंच न्हाई. लोक हसायचे, दुसऱ्याची बराख निवडतो अन स्वतःची सडू देतो. तात्या म्हणायचे, "माझ्यात समदे गोळे हायती."

पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गोणपाट. मी बसतबी नव्हते, उभीच, या पायावरून त्या पायावर. दत्त चालू व्हते. मी म्हणले, तात्या, झाली का जागा, एवढं तरी सांगा. म्हणले, "लई बदला निघालाय, सुनबाई. ढीग लागलाय." मला जरा बरं वाटलं.

अन तेवढ्यात चिऊ उंबऱ्याला अडखळली. कपाळ चौकटीला लागलं. तिनं एकदा आवाज काढला, अन दुसरा आलाच न्हाई.

मला कळलं. मी तात्यांच्या हातातनं फोन हिसकला, तिला मांडीवर आडवी घेतली, व्हिडिओ दाबला. जागा शिल्लक नाही.

"तात्या, न्हाई म्हणतोय. तात्या, तुमी तर काढलं व्हतं."

तात्यांचं तोंड पडलं. "कचरापेटीत हाय समदं," म्हणले. "कुणी मागितलं तर म्हणून बाजूला ठिवलंय."

बराखीतबी त्यांचं असंच. बदला लगेच उकिरड्यावर न्हाई, आधी लिंबाखाली ढीग, कुणी नेतं का बघायचं. पण फोनातली कचरापेटी फोनातच असती, तिथला ढीग जागा धरूनच बसतो, हे त्यांना तवा कळलं अन मलाबी तवाच. मी पेटी शोधायला लागले तर ती सापडंना, अन चिऊचे ओठ जांभळे.

तात्यांनी बंडीत हात घातला. स्वतःचा फोन काढला. चष्मा न्हाई, गोणपाट न्हाई, कानाला लावणं न्हाई. दोनदा बोट आपटलं, मी त्यांच्या तोंडातनं ऐकलं, "कायमचं. व्हय, कायमचं." अन फोन चिऊपुढं धरला. ज्या हातातनं चहाची बशी सांडती, त्यो हात हलला न्हाई.

चिऊचे डोळे वर गेले, अंग ढिलं पडलं, हात झटकले. मग एकदम छाती वर आली अन ती रडली, गल्लीभर. तात्या फोन धरूनच म्हणत व्हते, "आली, आली, आली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमी ओतूरला. तात्याबी आले, कारण फोन ते माझ्या हातात देईनात. डॉक्टर म्हणले, द्या बघू फोन. तात्या म्हणले, "तुमी बघा, मी धरतो." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. मग डॉक्टरांनी वाकून, तात्यांच्या हातातच, दोन येळा बघितलं.

म्हणले, "हे झटके नाहीत. रडता रडता श्वास धरून ठेवते ती. या वयात होतं काही पोरांना. अंगात रक्त कमी असेल, ते तपासू, औषध देतो. मोठी झाली की आपोआप जाईल. असं झालं की कुशीवर निजवायची, हलवायची नाही, घाबरायचं नाही. काही वेगळं वाटलं तर लगेच या."

मी तिथंच बाकड्यावर बसले. नीट टेकून बसले, किती दिसांनी.

येताना एसटीत तात्या खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं दमले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या फोनातली कचरापेटी रिकामी करून दिली. एकेक न्हाई, समदी एकदम. देवांनासुद्धा एकदाच हात जोडले.

चार-दोन दिसांनी मी वाटीभर खीर घेऊन गेले. चिऊचं रक्त कमीच निघालं व्हतं, औषध चालू केलं व्हतं, तेवढं सांगायला. तात्या ओट्यावर बसलेले, पाठ माझ्याकडं, फोन कानाला. मला वाटलं कुणाशी बोलत्यात. मागं उभी राह्यले तर फोनातनं एका बाईचा आवाज आला, "अवं, ह्ये चालू झालं का बंद झालं? अवं? ऐकलं का, जेवायला या."

मग खुटखुट, अन संपलं. फोनवर नुसता अंधार, कडंला अंगठा.

हौसाकाकी. तात्यांची बायको. माझं लगीन व्हायच्या आधीच ती गेली, मी तिला फोटोतच बघितलीय.

तात्यांनी वळून बघितलं. लपवलं न्हाई. म्हणले, "तिला फोन करताच नाय आला कधी. मला बोलवायला गेली का व्हिडिओच चालू व्हायचा. मग फोन पदरात, नायतर कांद्याच्या पाटीत. समदा अंधार."

"लई हायत का असे?"

"व्हते. पोरगा पुण्यासनं आला व्हता, त्यो म्हणला, तात्या, फोन किती भरलाय, मी साफ करून देतो. त्यानं बघितलं, ऐकलं नाय. थोडे राह्यले, ते मी खिशात घातले."

मी वाटी खाली ठिवली. मला इचारायचं नव्हतं, पण इचारलं. "त्या दिवशी तुमी कुठला काढला?"

"लांब व्हता त्यो. लईच लांब. फोन पाटीत पालथा पडलेला अन ती बराखीत कांदा निवडत बसलेली. बोलली कायबी नाय. नुसता टरफल चोळायचा आवाज. मधीच एकदा नाक वढलं."

"मग त्योच का वो तात्या? बारका एखादा..."

"बारक्यानं जागा झाली नसती," तात्या म्हणले. अन खीर खायला लागले. "साखर बेताची हाय. चांगलंय."

चिऊ त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राह्यली व्हती.

मग म्या काय केलं सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिऊला घेऊन त्यांच्या बराखीत गेले. म्हणले, तात्या, मी रिकामीच हाय, निवडू लागते. त्यांनी गोणपाट सरकवून दिलं. चिऊ टरफलात बसली, दोन्ही हातांनी उडवायला लागली. मी फोन काढला, व्हिडिओ चालू केला, अन पाटीत पालथा ठिवला.

तात्यांनी बघितलं. म्हणले, "सुनबाई, फोन पालथा पडलाय तुझा."

"पडू द्या," मी म्हणले.

तात्या मग हातातल्या कांद्याचं टरफल जरा मोठ्यानं चोळायला लागले.