शिरीष घराकडे सरकतो आहे

भूमितीच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मागच्या अंगणातला शिरीष घराकडे चालत येत असल्याचं जाहीर केलं. पुरावा त्यांच्याकडे होता. गेली दोन वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला ते माडीच्या खिडकीतून मोजपट्टी बाहेर काढत आणि भिंत ते खोड हे अंतर वहीत टिपून ठेवत. पहिल्या पानावर त्रेसष्ट सेंटिमीटर होतं. आज चौपन्न.

"झाडाला एवढी कसली घाई झालीय?" काकूंनी विचारलं. सर सोडून सगळं जग त्यांच्या पत्नीला काकू म्हणे.

"घाई आपल्याला करायला हवी. चार महिन्यांनी पोरगी येतेय."

खरा मुद्दा तोच होता. एकुलत्या एका लेकीची याच गावात बदली झाली होती. तान्ह्या बाळाला घेऊन ती माडीवर राहायला येणार होती. ती खोली सरांनी तिच्यासाठीच बांधली होती, चार वर्षांपूर्वी, स्वतः आराखडा काढून. मागच्या कोपऱ्याखाली एक खांब घ्यावा, असं गवंड्याचं म्हणणं पडलं, तेव्हा सरांनी सिमेंटच्या पिशवीवर त्रिकोण काढून खांबाची गरज नाही हे पाच ओळींत सिद्ध केलं. गवंडी नुसती तीस वर्षं घरं बांधत होता. त्याने खांब वगळला.

शिरीष कुणीच बांधला नव्हता. तो आपला आपण आला, आपला आपण वाढला. वारा आला की त्याच्या वाळक्या शेंगा खुळखुळत, वारा गेला की त्याची सावली अंगणभर पाय पसरून बसे. तिन्हीसांजेला तो पानं मिटून घेई, पदराखालचं लेकरू डोळे मिटतं तशी. अशा लाघवी वागण्याला भुलणाऱ्यांतले सर नव्हते. हे झाड वरून मऊ आणि आतून कपटी बुद्धीचं आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि एकदा गुन्हेगार सापडला की गुन्ह्यांना काय तोटा. माडीचं दार लागेनासं झालं, तर तो झाडाचा ओलावा. सरांनी रंधा मारून दार घासलं. महिन्याभराने ते पुन्हा अडलं, सरांनी पुन्हा घासलं. आता दाराला वरून खाली येताना निमुळतं होत जाण्याची सवय लागली. कोपऱ्यात जिन्यासारखी भेग पडली, ती झाडाची मुळं. बाळासाठी आणून माडीच्या जमिनीवर ठेवलेला चेंडू खिडकीकडे घरंगळत जाऊ लागला. सरांनी त्यातही मुळांचाच हात शोधून काढला. झाडाची मुळं माडीपर्यंत कशी पोचली, असं काकूंनी विचारून पाहिलं. त्यांना विज्ञान कळत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

झाडं उतरवणाऱ्या माणसाला बोलावणं गेलं. खांद्यावरचा वेटोळ्यांचा भार कधीच खाली ठेवत नसल्याने त्याला सगळे दोरखंड म्हणत. दोरखंडाने खोडावर थाप मारली, कान लावला, वर बघून मान हलवली. त्याचं म्हणणं लांबलचक होतं आणि सरांच्या दृष्टीने विषयाला सोडून होतं. वर घरटी आहेत, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं. मग पानगळ होऊ द्यायची, म्हणजे फांद्या हलक्या होतात. घराजवळचं झाड बुंध्याशी कधी कापायचं नाही. शेंड्यापासून सुरुवात करायची, एकेक फांदी दोराला बांधून खाली सोडायची. आणि हे सगळं उद्यान खात्याचा परवाना हातात आल्यावर.

"पण सर, झाड मला सरळ दिसतंय," तो शेवटी म्हणाला.

त्यावर सरांनी त्याला अर्धा तास शिकवलं. दोरखंड जाताना, तुमचं शिक्षण जास्त, एवढंच बोलून गेला. सरांना ते कौतुक वाटलं.

परवान्याचा अर्ज सरांनी तीन प्रतींत, आकृतीसह केला. लोक अशा अर्जात 'झाड धोकादायक आहे' वगैरे ढोबळ लिहितात. सरांनी पद्धतशीर लिहिलं. पक्ष: भिंत जमिनीला लंब आहे. भिंत आणि खोड यांतील अंतर दरमहा कमी होत आहे. साध्य: झाड काढणे आवश्यक आहे. खाली सिद्धता, आणि सिद्धतेखाली दोन रेघा. उद्यान खात्याच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि वरच्या साहेबांकडे सरकवला. कळला नाही तो कागद वर पाठवायचा, असा त्या कचेरीचा रिवाज होता.

इकडे अंतर एक्कावन्नवर आलं आणि लेकीचा फोन आला, की ती पाळणा घेऊन ठेवते आहे, खिडकीशी ठेवायला. सरांचा धीर सुटला. त्यांनी सुताराकडून एक जाड तुळई आणवली आणि माडीची भिंत अन् शिरीषाचं खोड यांच्यामध्ये आडवी ठोकून बसवली. झाडाला आता पुढे यायला जागाच उरली नाही. पुढच्या एक तारखेला त्यांनी पट्टी लावली. एक्कावन्न.

"थांबवलं की नाही?" त्या दिवशी सर जेवताना स्वतःशीच हसत होते. चार दिवस त्यांनी झाडाकडे, जिंकलेला माणूस हरलेल्याकडे बघतो तसं, जरा मोठ्या मनाने पाहिलं.

पानगळ सुरू झाली, घरटी रिकामी झाली आणि उद्यान खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. दोरखंडही आला होता. बाई कमी बोलत. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, शिडीवर चढून एका फांदीला बांधून खोडाशी सोडला आणि स्थिर होईपर्यंत पाहत राहिल्या. मग अर्ज पुन्हा वाचला.

"सर, भिंत लंब आहे, असं लिहिलंय तुम्ही."

"हो. पक्ष आहे तो. सिद्धतेत दिलेली गोष्ट."

"पण कुणी दिलंय हे?"

"दिलेलंच असतं ते," सर म्हणाले. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही पोराने विचारला नव्हता.

बाईंनी ओळंबा माडीच्या छपरापासून सोडला. तो वर भिंतीला टेकला होता आणि खाली येता येता, एखादा भिडस्त पाहुणा हळूच बाजूला होतो तसा, भिंतीपासून चांगला वीतभर दूर झाला. शिरीष जागेवरच होता. दोन वर्षं घरच त्याच्याकडे चाललं होतं.

दोरखंडाने तुळईकडे बोट दाखवून, ही काढू का, असं विचारलं. काकूंनी त्याचा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्यांना भूमिती कळल्याचा तो पहिला प्रसंग.

बाईंनी तिथेच पायरीवर बसून अहवाल लिहिला. झाड निरोगी आहे, त्याच्या पानालाही हात लावू नये, कारण सध्या इमारतीला तेवढाच एक आधार आहे. पुढची जुनी दोन दालनं मजबूत आहेत, तिथे राहावं. माडीवर कुणी चढू नये, ती उतरवून टाकावी. उतरवायची कशी, हे सांगायला दोरखंड पुढे झाला. वरून सुरुवात करायची, एकेक तुकडा दोराला बांधून खाली सोडायचा. बुंध्याशी घाव घालायचा नाही. परवाना मात्र लागेल, आणि तो दुसऱ्या खात्याचा.

लेक आली ती परवान्याच्या आधी. पाळणा सरांच्या खोलीत लागला आणि सरांची वळकटी बैठकीत आली. माडीचं काय झालं, असं लेकीने विचारलं नाही. काकूंनी तिला वाटेतच सगळं सांगून टाकलं असावं, कारण ती वडिलांशी फारच प्रेमाने बोलत होती, आणि सरांना तेच सोसवत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपार कलताच वारा सुटला. दारं आपटली, शेंगा वाजू लागल्या, तुळई करकरली. बाळ पाळण्यात नुकतंच झोपलं होतं. काकू मागच्या दारात आल्या तर अंगणात सर उभे. दोन्ही तळहात खोडावर टेकलेले, मान खाली. अख्ख्या शाळेला दम देणारा आवाज इतका बारीक झाला होता, की वाऱ्यात जेमतेम ऐकू यावा.

"धर बाबा. आजच्या दिवस तेवढं धर."

काकूंनी जरा वेळ ऐकलं. मग पदर खोचून त्या त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो म्हणा त्यांना," त्या म्हणाल्या. "या घरातलं कर्तं माणूस आता तेच आहे."

सरांनी झाडाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"अहो," ते म्हणाले, "जरा धरता का?"