टोपीतला बटाटा

एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: माझ्या स्कॅनरच्या खोलीत नियम मोडून माशीसुद्धा शिरत नाही!

आता वस्तू न कापता तिच्या आतलं दाखवणारा स्कॅनर ला पाझच्या आमच्या विद्यापीठात एकच, आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसलेले विभाग सतरा. हाडंवाले, किडेवाले, सिमेंटवाले... प्रत्येकाला तो आजच हवा असतो, तोही आत्ताच! म्हणून सगळा कारभार माझ्याकडे, लिदिया चोकेकडे. मी आधी शिकवणार, मग परीक्षा घेणार, मग दाराचं कार्ड देणार. नियमावलीही माझीच. खोलीत खाद्यपदार्थ आणायचे नाहीत. पास झाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. आणि जो कोणी स्वतःच्या कार्डावर बिनपरीक्षेच्या माणसाला यंत्र चालवू देईल, त्याचंच कार्ड बंद! हे शेवटचं कलम लिहिताना मला काय गुदगुल्या झाल्या होत्या म्हणून सांगू!

या नियमावलीला एकटे पुरून उरले ते सेव्हेरो सर. आयुष्यभर विद्यापीठात दगडधोंड्यांचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एक दिवस हातात लोकरी कानटोपी घेऊन आले. टोपीत, तान्हं बाळ निजवावं तसा, एक सुरकुतलेला जांभळा बटाटा!

"आईच्या शेतातला आहे," ते म्हणाले. "आई गेली, शेत पडीक पडलं. तिच्या बियाण्याचा हा एकच उरलाय, पोरी. पेरायचाय. पण आत अळी असली तर? आणि कापून बघावं, तर हाही गेला!"

"द्या इकडे. पाच मिनिटांत बघून देते."

"नाही. आईची शेवटची वस्तू आहे. मीच बघणार."

झालं! बसले शिकायला. पहिल्या परीक्षेत यंत्राचं दार उघडं ठेवून खटका दाबला. यंत्र जे ठणाणा बोंबललं, की सर टेबलाखाली! दुसऱ्या परीक्षेत बटाट्याला स्पंजचा आधार द्यायला विसरले. बटाटा फिरता फिरता डुलायला लागला आणि चित्र सगळं पुसट. एवढं मात्र दिसलं, की आत एका टोकाला घेवड्याच्या दाण्याएवढी पोकळी आहे. त्यात अळी आहे की नाही, ते देव जाणे!

तिसऱ्यांदा नापास म्हणजे वर्षभर बंदी. आणि बटाटा काही वर्षभर तग धरणार नव्हता. त्याचा चेहरा सरांपेक्षा म्हातारा दिसायला लागला होता.

तिसरी परीक्षा ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका शुक्रवारी ठरली. परीक्षा संपली की आमची आप्तापी असते. प्रत्येकाने घरून आणलेलं एकाच चादरीवर ओतायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. कुणाचं काय, ते विचारायचं नाही. कॅन्टीनच्या नीव्हेस मावशी बाहेरच्या अंगणात घमेलंभर बटाटे धूत बसल्या होत्या.

मी खोलीत डोकावले. सर हात धुवायला गेलेले. आणि टेबलावर पाहते तर काय, बटाटा! माझं डोकंच फिरलं. आप्तापीचा शिधा थेट माझ्या टेबलावर? उचलला, तरातरा बाहेर नेला आणि मावशींच्या घमेल्यात टाकला!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला तो ओळखू कसा आला नाही? अहो, त्या दिवशी थंडी अशी होती की टोपी सरांच्या डोक्यावर होती! यंत्राबाहेर बिनटोपीचा तो बटाटा मी कधी पाहिलाच नव्हता!

सर परत आले. टेबलाकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं. मग माझ्याकडे.

"पोरी... माझा बटाटा?"

मी अंगणात पळाले. घमेलं रिकामं, पातेलं चुलीवर!

"मावशी, उतरवा! आधी उतरवा!"

"अगं, किंचाळतेस काय? पाणी आत्ता कुठे कोमट होतंय!"

सगळे बटाटे जमिनीवर मांडले. धुऊन पुसून सगळे सारखेच जांभळे, सारखेच खडबडीत. कोमट पाण्याने सुरकुत्यासुद्धा फुगून नाहीशा झालेल्या! सर गुडघ्यावर बसून एकेकाला हातात घेत होते. "दगड असता तर डोळे मिटून सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. पोकळी! आत पोकळी असेल तोच आपला!

मी माझं कार्ड सरकवलं आणि ओरडले, "सर, तुम्ही बसा यंत्रावर, मी बटाटे पुसून देते!" मग काय! मावशी निवडतायत, मी पुसतेय, सर आत चालवतायत. स्पंज, दार, खटका. स्पंज, दार, खटका. अंगणात बाकीचे परीक्षार्थी चादरीभोवती ताटकळलेले. "जेवण आत आणि आम्ही बाहेर!" असा आरडाओरडाही सुरू झाला.

मग आतला आवाज थांबला. मी आत गेले. पडद्यावर ती पोकळी होती, अगदी लख्ख. आणि रिकामी! अळीचं नाव नाही.

सरांनी टोपी काढली, बटाटा तीत ठेवला आणि म्हणाले, "बरी आहे माझी आई."

मी ढसाढसा रडले. मावशीही डोळे पुसत म्हणाल्या, "आता उरलेले तरी उकडू का?"

आणि मग माझ्या ध्यानात आलं, की इतके बटाटे तपासताना सरांची एकही चूक झाली नव्हती! "पास!" मी जाहीर करून टाकलं.

जाहीर केलं खरं, पण यंत्रावर कोण बसलंय ते टिपणारी मीच बसवलेली सोय माझ्याआधी बोलली होती. बिनपरीक्षेचा माणूस यंत्रावर, कार्ड लिदिया चोकेचं, आणि निरोप थेट संचालकबाईंकडे! त्यांनी माझंच कलम मला वाचून दाखवलं. माझं कार्ड पुढचं सत्र संपेपर्यंत बंद, आणि नंतर नव्याने परीक्षा. घेणार कोण? ज्यांना वेळच वेळ होता, ते सेव्हेरो सर!

परीक्षेच्या दिवशी सर दारातच भेटले. हातात तीच टोपी, आणि तिच्यातून वाफ येत होती.

"पहिल्या काढणीचे," ते म्हणाले. "बाकीचे बियाण्याला ठेवलेत. हे दोन तुझे." आणि ते गरम बटाटे त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कोटाच्या खिशात घातले.

मी भरल्या डोळ्यांनी आत गेले. स्पंज लावला, दार लावलं, खटका दाबला. चित्र आरशासारखं स्वच्छ! मी ऐटीत सरांकडे वळले.

सर माझ्या खिशाकडे बघत होते.

"खोलीत खाद्यपदार्थ," ते म्हणाले. "नापास, पोरी."

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही बटाटे तिथेच खाल्ले. मिठाचीसुद्धा गरज पडली नाही.