तानबाच्या भट्टीतली चमकी

आर्वीच्या नानाजी शास्त्र्यांवर उभ्या जन्मात 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याचा प्रसंग आला नव्हता. त्यामुळे कन्या सुंदरा हिच्या सोयरिकीच्या बैठकीत विहीण होऊ घातलेल्या रुख्माबाईंनी पोरीला द्यावयाच्या नाकातल्या हिऱ्याच्या चमकीवर बोट ठेवून, "काच तर नाई देऊन राह्यले, शास्त्रीबुवा?" असे विचारले, तेव्हा बुवा विचलित झाले नाहीत. खडा खोटा ठरता तर सोयरीक तिथेच मोडली असती.

"काच अग्नीत वितळते. हिऱ्याला अग्नी स्पर्शही करीत नाही. चला तानबा लोहाराकडे."

"अहो, सोनाराले दाखवा ना," पत्नी देवकाबाई म्हणाल्या. चमकी त्यांच्या आईची होती.

"सोनार मनुष्य आहे, खोटे बोलेल. अग्नी देव आहे."

तानबाने खडा पाहून हात जोडले. "बुवा, म्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावा तापवतो. इथं नाजूक काम नाई होत."

"तू भाता ओढ."

कोंदणातून काढलेला खडा कोळशाच्या भुकटीत पुरून मातीच्या मुशीत बंद झाला. भट्टी पांढरीशुभ्र होईपर्यंत तानबाने भाता ओढला. बुवांचे मंत्र त्याहून वरच्या पट्टीत चालले होते. निवल्यावर मूस फोडली. आत हरभऱ्याच्या जळक्या डाळीसारखा काळा खडा!

"वितळला नाही," बुवा म्हणाले. पण जरा हळू.

नवरामुलगा ओमप्रकाश शाळेत विज्ञान शिकवी. त्याने भुकटी पुसून खडा कागदावर घासला. करडी रेघ उमटली.

"आई, काच असती तर गोळा झाला असता. कोळसा, पेन्सिलीतले शिसे आणि हिरा, द्रव्य एकच. कणांची मांडणी तेवढी निराळी. अशा भयंकर आचेत हिऱ्याची मांडणी मोडते आणि वरून असे शिसे होते. खडा अस्सल आहे."

बुवांनी उपरणे सावरले. "मी काय म्हणालो होतो?"

"अग्नी शिवत नाई म्हनाले होते," देवकाबाई म्हणाल्या.

"स्पर्श नव्हे, त्याने आलिंगन दिले."

देवकाबाईंनी काळा खडा पदराच्या गाठीत बांधला आणि रुख्माबाईंच्या लखलखत्या नाकाकडे सावकाश पाहिले.

"निखारे हायेतच अजून. विहीणबाईंचीबी चमकी पाहून घ्या."

रुख्माबाईंचा पदर तत्काळ नाकावर आला.

"आमची राहू द्या, बाई. शास्त्रीबुवा, तुम्ही लग्नाची तिथी पाहा."

बुवा भट्टीकडे वळलेच होते. पण तानबाने कोणी सांगण्यापूर्वीच निखाऱ्यांवर घागर रिकामी केली होती.