सराट्याचं फूल आणि नामंजूर दुष्काळ

१९७२ साली पाऊस आला नाही, हे मानोऱ्याच्या पुढल्या एका खेड्यात सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते मंजूर व्हायचं बाकी होतं. खडी फोडू, माती वाहू, पण दुष्काळी काम द्या, असा अर्ज गावाने केला. अर्धी पानं नुसत्या अंगठ्यांनी भरली होती. ग्रामसेवक उत्तमराव यांनी अर्ज वर पाठवला आणि मार्चमध्ये उत्तराऐवजी परिपत्रक आलं.

परिपत्रकाचं म्हणणं असं, की कोरडेपणाबाबत गावकरी अतिशयोक्ती करतात. वनस्पती करत नाही. सबब गावच्या माळावर सराट्याचा, म्हणजेच काटेरी गोखरूचा, कोणता प्रकार उगवतो ते कळवावे. थोरला सराटा असल्यास जमीन ‘वाळवंटसदृश’ समजून काम मंजूर होईल. धाकटा असल्यास जमीन ‘तात्पुरती सुकलेली’ समजून गावकऱ्यांनी धीर धरावा. दोन्ही वेली जमिनीलगत पसरतात, दोन्हींना पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. फरक सूक्ष्म आहे. तो काळजीपूर्वक पाहावा.

उत्तमराव काळजीपूर्वक पाहू लागले. माळावर पालथे पडून, शाळेतून मागून आणलेल्या पट्टीने त्यांनी दोन तास पाकळ्या मोजल्या. दोन्ही फुलं त्यांना सारखीच दिसत होती.

“काय हरवलं भाऊ?” मागून आवाज आला. सरपणाचा भारा घेतलेली केशरबाई उभी होती. बौद्धपुऱ्यातली ही बाई चाळीस वर्षं अनवाणी तो माळ तुडवत आली होती.

उत्तमरावांनी अडचण सांगितली. केशरबाई हसली.

“एवढ्यासाठी पालथे पडले? हा थोरला हाय. धाकट्याचा काटा टोचते आन् निंघून जाते. ह्याचा चार दिवस चालू देत नाई.” तिने भारा टेकवला आणि तळपाय वर करून दाखवला. “हे पाहा. आपल्या माळावर सारा हाच हाय.”

उत्तमरावांनी ‘थोरला’ असं कळवलं. पंधरा दिवसांनी कागद परत आला. ‘ओळख पटविणाऱ्याची शैक्षणिक अर्हता नमूद नाही. तळपाय हे मान्यताप्राप्त उपकरण नाही. तज्ज्ञ प्रत्यक्ष पाहणी करतील.’

तज्ज्ञ दौलतराव साहेब जाड तळव्याचे बूट घालून दुपारी बाराला जीपमधून उतरले. सराट्याचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं.

“फूल हजर नाही,” साहेबांनी वहीत लिहिलं.

“साहेब, उद्या सकाळी आलात तर...”

“सकाळ कार्यालयीन वेळेत येत नाही, उत्तमराव. पुढच्या भेटीपर्यंत नमुना जिवंत आणि फुललेला ठेवा. व्यक्तिशः जबाबदारी तुमची.”

पिण्याच्या टँकरसाठी गावाने तीन अर्ज केले होते. ते विचाराधीन होते. नमुन्यासाठी टँकर आठवड्यात आला, कारण नमुना शासकीय होता. वेलींभोवती काटेरी तार लागली. फुलं दुपारपर्यंत मिटू नयेत म्हणून वर मांडव पडला. उत्तमराव स्वतः झारीने पाणी घालू लागले. तारेपलीकडे बाया रिकाम्या घागरी घेऊन ते पाहत राहत.

“भाऊ, आमीबी सुकूनच राह्यलो ना,” केशरबाई म्हणाली. “आमाले नमुना करा.”

उत्तमरावांना मान वर करवेना. “मावशी, माह्या हातात काय हाय?”

“झारी हाय ना.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तिची घागर भरली आणि नोंदवहीत लिहिलं, ‘बाष्पीभवन : एक घागर.’ दुसऱ्या दिवशी बाष्पीभवनासाठी अर्धं गाव रांगेत उभं होतं. त्या आठवड्यात नमुन्याला दोन झाऱ्या आणि बाष्पीभवनाला अख्खा टँकर लागला. वरून विचारणा आली: इतके बाष्पीभवन कोणाच्या आदेशाने झाले, याचा लेखी खुलासा करावा. नोकरी कायम व्हायला उत्तमरावांना सहाच महिने उरले होते. त्यांनी बाष्पीभवन बंद केलं. त्या दिवशी केशरबाई रिकामी घागर उचलून दोन कोसांवरच्या विहिरीकडे चालू लागली, आणि उत्तमरावांना जेवण गेलं नाही.

मे महिन्यात साहेब पुन्हा आले. या खेपेला सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. मांडवाखाली वेलींची गच्च हिरवळ माजली होती. दुपारचे बारा वाजले होते आणि पिवळी फुलं टवटवीत उमललेली होती.

“वा!” साहेब म्हणाले, आणि उभ्या उभ्या अहवाल सांगू लागले. “लिहून घ्या. इतकी जोमदार वाढ कोरड्या जमिनीत संभवत नाही. सबब प्रकार थोरला की धाकटा, हा प्रश्नच उरत नाही. गाव दुष्काळाच्या यादीतून वगळावे.”

“पण साहेब, पाणी तर आपणच...”

“पाण्याचा रकाना अहवालात नाही.”

आठ दिवसांत गाव उठलं. कोणी गाडीरस्त्याने गेलं, कोणी पायीच. केशरबाईने झोपडीच्या दाराला दोरी बांधली आणि जाताना कचेरीच्या दारात थांबली.

“येतो भाऊ. फुलाईले पानी घालजा.”

उत्तमरावांनी वर कळवलं की गावात आता कोणी उरलेलं नाही. कामाची मागणीच संपल्यामुळे टंचाई दूर झाली, असं उत्तर आलं. सोबत नोकरी मुदतीआधीच कायम झाल्याचा आदेशही होता.

फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला: ‘दुष्काळातही फुलली जिद्द!’ मग पत्रांचा पाऊस पडला. शहरातल्या सुशिक्षित, हळव्या मनाच्या वाचकांनी फुलाचं नाव विचारलं, कुंडीत लावायला बी मागितलं, दोघातिघांनी कविता पाठवल्या. फोटोच्या कडेला, तारेपलीकडे, केशरबाई उभी दिसत होती. सगळ्या पत्रांमध्ये तिचा उल्लेख एकाच वाचकाने केला होता. पुढच्या वेळी ती बाई चौकटीत येणार नाही असं पाहावं, म्हणजे फूल अधिक उठून दिसेल, अशी त्याची नम्र सूचना होती.

तो फोटो तुमच्याही पाहण्यात आला असेल. फूल आठवतं ना?