सदाअण्णांची सूचना

सदाअण्णा कुणाच्याही घरी गेले, की आधी टीव्ही, मिक्सर, टेपरेकॉर्डर जे दिसेल त्याची पिन उपसून बघायचे. "हिची पिन त्येला बसत न्हाई. आन म्हणं प्रगती," असं पुटपुटायचे आणि मगच बूड टेकायचे.

टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. नव्याण्णव साली मी साताऱ्यात सायबर कॅफे उघडला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक हेच. यंत्रांनी एकमेकांशी बोलायची आणि माणसाची ओळख पटवायची एक सामाईक, खुली पद्धत परदेशातली काही मंडळी ठरवतायत, कुणीही सूचना पाठवावी, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. झालं. दर मंगळवारी अण्णा सांगणार आणि मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप करणार.

"लिव्हा. भाषा कुठल्या एका कंपनीची नको. सांगलीचा फोन साताऱ्यात लागतो, तसं पायजे."

"अण्णा, तुम्हाला कशाला हा उपद्व्याप?"

"लिव्हा तुमी."

कॅफेत त्यांचं नाव 'पिनवाले' पडलं होतं. ते पाडण्यात माझाही हात होता, याची आज लाज वाटते.

एकदा चक्क उत्तर आलं. कागद छापून मी त्यांच्या घरी गेलो. दार ढकललं तशी आत घंटा वाजली. शेगडीपाशी दुसरी घंटा, मागच्या दाराला तिसरी, घरभर तारा. अण्णांच्या पत्नी, काकू, कॉटवर बसल्या होत्या. उशाशी नाव-पत्ता कोरलेला पितळी बिल्ला पडला होता.

काकूंना विसर पडत चालला होता. दिवाळीत त्या अशाच बाहेर पडल्या आणि दोन दिवसांनी सांगलीच्या स्टँडवर सापडल्या. लोकांनी नाव विचारलं, तर ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

"बिल्ला काढून टाकती," अण्णा म्हणाले. "कुठल्याबी गावात, कुठल्याबी कंपनीच्या यंत्रानं हिला वळखावं आन मला फोन लावावा. एवढंच मागणं हाय."

मी उत्तर वाचून दाखवलं. सूचना मिळाली, आभार. आपण कोणत्या संस्थेतर्फे लिहिता ते कळवावं.

अण्णांनी उशाजवळचा बिल्ला उचलून हातात घेतला. "लिव्हा, नवरा."

तेवढ्यात काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "ह्ये मानूस लय चांगलं हाय. जेवाय घालतंय, माझी वेनी घालतंय. पर किती दिस झालं, हितंच हाय. ह्येंच्या घरी कुनीतरी कळवा. वाट बघत आसतील."

अण्णांकडे बघायचा धीर होईना.

"कळवलंय," अण्णाच तिला म्हणाले, आणि तिच्या पायांवरची शाल त्यांनी सारखी केली.