सरांच्या गाडीचे दिवे

"हेडलाइट म्हणजे काय गं? एक बिंदू आणि त्यातून निघणारी रेषा," भूमितीचे सर बायकोला म्हणाले. "आता रेषा मला कोण शिकवणार?"

सरांची गाडी सरांपेक्षा वयाने मोठी आणि त्यांच्यापेक्षा जास्त लाडात वाढलेली. मागच्या पासिंगला दिव्यांवरून नापास झाली, तेव्हापासून नुसती दारात उभी. शेवटी बायकोने तोडूनच टाकलं, "उद्या माझ्या बाबांचा वाढदिवस. जेवायला सगळ्यांना याच गाडीतून नेऊन दाखवा. जमलं तर गाडी राहील, नाहीतर परवा गिऱ्हाइकाच्या ताब्यात."

सरांचा चेहरा फळ्यासमोरचाच. संध्याकाळी त्यांनी गाडी आवारातल्या भिंतीसमोर लावली, दोन्ही दिव्यांच्या उंचीवर खडूने फुल्या काढल्या आणि फुल्यांच्या जरा खाली एक आडवी रेघ मारली. उजेड त्या रेघेवर पडला की झालं. दिव्यांचे पेच पिळायला ते खाली वाकले, तेवढ्यात त्यांना ते सुचलं. सुचलं नसतं तर फार बरं झालं असतं.

गाडीत माणसं बसली की मागची बाजू दबते. मागची दबली की नाक वर. नाक वर म्हणजे उजेडही वर! मग उद्या जी माणसं बसणार, ती आत्ताच बसवून दिवे जुळवायला नकोत का? सर स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन घरात धावले.

मागच्या सीटवर सासरे आणि मेहुणा बसले. दोघेही भरभक्कम. ते बसताच गाडीने मागच्या मागे बसकण मारली. पुढे बायको, आणि स्टिअरिंगसमोर तांदळाचं पोतं, सरांच्या ऐवजी. इंजिन बंद, दिवे चालू, आणि सगळं कुटुंब भिंतीकडे बघत बसलेलं.

"पोहोचलो का?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, आपण निघालोच नाही."

"मग मला बूट कशाला घालायला लावलेत?"

"बुटांचंही वजन असतं," सर बॉनेटजवळून ओरडले. त्यांना कसलीही कसर ठेवायची नव्हती.

इतक्यात शेजारचे दातांचे डॉक्टर फिरून परत येत होते. गाडीत माणसं, पुढे वाकलेले सर, इंजिनाचा आवाज नाही. भल्या माणसाला वाटलं, गाडी बंद पडली. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मागून असा काही धक्का दिला की गाडी थेट भिंतीकडे निघाली. हँडब्रेक ओढायचा राहिला होता आणि पोत्याला ब्रेक दाबता येत नव्हता. सर बाजूला उडी मारून वाचले. बंपर भिंतीला टेकला आणि डाव्या फुलीचे पोपडे सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत खाली आले.

"आता पोहोचलो," सासरे म्हणाले.

डॉक्टरांची समजूत घालून, गाडी मागे घेऊन, फुल्या नव्याने काढून सरांनी पुन्हा पेच पिळले. शेवटी उजेड रेघेवर असा बसला की सरांना गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच पासिंगला गेले. तपासणीवाल्या साहेबांनी दिव्यासमोर यंत्र धरलं, मग वाकून खाली पाहिलं.

"अहो, हे दिवे रस्ता दाखवतायत की माझे बूट?"

"साहेब, काल गाडीत सासरे होते."

"असतील. नियम एकट्या ड्रायव्हरचा आहे."

सर गयावया करू लागले. "साहेब, आज ही नापास झाली तर उद्या विकली जाईल हो." साहेबांना दया आली. त्यांनी सरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, माणसाकरवी दिवे नियमाप्रमाणे वर घेतले आणि पेचांवर लाल रंगाचे ठिपके दिले. "ठिपका तुटला की पासिंग रद्द. हात लावायचा नाही."

पास! सर घरापर्यंत शीळ घालत आले.

संध्याकाळी सगळे नटूनथटून गाडीत बसले. सासरे मागे, मेहुणा मागे. गाडीने बसकण मारली, नाक वर केलं, आणि कोपरा वळताच दोन्ही झोत झाडांच्या शेंड्यांत घुसले. कावळे पहाट झाली समजून ओरडायला लागले. बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढणाऱ्या एका बाईंनी घाईघाईने परकर डोळ्यांवर धरला. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर करत होता आणि खिडकीतून सरांच्या घराण्याची चौकशी करत होता.

चौकात हवालदाराने थांबवलं. "दिवे खाली घ्या."

"घेता येत नाहीत. ठिपके आहेत."

"मग वजन खाली घ्या."

सासरे उतरले, उजेड गच्चीवरून पहिल्या मजल्यावर आला. मेहुणा उतरला, तो रस्त्यावर आला. बायको उतरली, आणि झोत जिथे हवा तिथे, काटेकोर पडला. गाडीत उरले एकटे सर.

"आता एकदम नियमात आहे," हवालदार म्हणाला. "निघा."

बायकोने सरांकडे एकदा पाहिलं आणि हात करून टॅक्सी थांबवली. तिघं त्यात बसून गेली. सर रिकामी गाडी घेऊन टॅक्सीच्या मागून निघाले. दिवे झकास चालत होते आणि सरांना रडू येत होतं. उद्या गिऱ्हाईक येणार, किल्ली मागणार, आणि आपण ती काढून देणार.

पुलाच्या अलीकडे टॅक्सी बाजूला घेऊन थांबली. सरांचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, बाबा म्हणतायत, गाडी विकू नका."

"खरंच? आवडली त्यांना?"

"तसं नाही. या टॅक्सीच्या दिव्यांत काही दिसत नाहीये. तुम्ही जरा पुढे व्हा, आम्ही तुमच्या मागून येतो."